शाळेच्या कंपाउंडवरचा फ्लेक्स आणि सहारिया साहेबांची पाच वर्षं

तापीकाठचा_मास्तर (धागाकर्ता) · शुक्रवार, रात्री ९.१०

राम राम मंडळी.

गेल्या आठवड्यात खळ्यात कुट्टी झाकायला ताडपत्री कमी पडली. सालदाराने कुठून तरी एक जुना फ्लेक्स आणून टाकला. सकाळी गेलो तर त्यावर उलटी अक्षरं दिसली. मान वाकडी करून वाचलं: नाव, वय, शिक्षण, स्थावर मालमत्ता, जंगम मालमत्ता, दाखल गुन्हे. २०१७ च्या जिल्हा परिषद निवडणुकीत आमच्या गटातल्या उमेदवारांच्या शपथपत्रांचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर लावला होता, तोच हा! आता गुरांच्या चाऱ्यावर.

तो दिवस लख्ख आठवतो. १६ फेब्रुवारी २०१७. नोकरीत असेपर्यंत मी मतदानाच्या दिवशी कधी स्वतःच्या गावात नसायचो. कुठल्या तरी आडगावच्या शाळेत आदल्या रात्री पेटी नाहीतर मशीन उशाशी घेऊन झोपायचं, आणि दुसऱ्या दिवशी सतराशे साठ लिफाफ्यांना लाख लावायची. त्यामुळे निवृत्तीनंतर आपल्याच गावात आरामात रांगेत उभं राहण्याची ती पहिली वेळ. फ्लेक्स बांधला होता पाण्याच्या टाकीच्या मागे. तिकडे फक्त लघवीला जाणारे जायचे. मी केंद्राध्यक्षांना म्हटलं, साहेब, हा गेटजवळ पाहिजे. ते बिचारे पहाटे चारपासून उठलेले. म्हणाले, गुरुजी, फोटो काढून वर पाठवायचा होता, तो पाठवला. शेवटी कोतवालाला घेऊन मीच सोडला आणि गेटजवळच्या निंबाला बांधला.

त्यानंतर जे झालं ते महत्त्वाचं. बायकांची रांग त्या निंबाखालूनच जात होती. आमच्या वर्गात सातवीपर्यंत शिकलेली एक जण मोठ्याने वाचायला लागली. एका उमेदवाराच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वाहन : निरंक', म्हणजे एकही नाही. आता हा गडी सकाळीच पांढऱ्या चारचाकीतून आला होता आणि गाडी शाळेसमोरच उभी होती. पुढच्या बाईने विचारलं, निरंक म्हणजे काय गं? ही म्हणाली, निरंक म्हणजे ती गाडी. अख्खी रांग हसली. तेव्हापासून गावात त्याचं नावच 'निरंकशेठ' पडलंय. तोंडावरही म्हणतात.

हा फलक लावायला लावला तो त्या वेळचे राज्य निवडणूक आयुक्त ज. स. सहारिया यांनी. मुख्य सचिव म्हणून काम करून ते आयोगावर आले, सप्टेंबर २०१४ ते सप्टेंबर २०१९ अशी पाच वर्षं तिथे होते. त्या काळातल्या गोष्टी माझ्या आठवणीप्रमाणे: हिशेब आणि प्राप्तिकर विवरणपत्रं न देणाऱ्या १९१ पक्षांची नोंदणी २०१६ मध्ये रद्द. उमेदवारी अर्ज आणि शपथपत्र संगणकावर. शपथपत्राचा गोषवारा मतदान केंद्राबाहेर. आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये नोटाचा, म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नको' या बटणाचा, आदेश.

पेपरात गाजला तो नोटा. माझं मत असं की खेड्यात पोचला तो फक्त फ्लेक्स. बाकीचं मुंबईत राहिलं. आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या लोकांनी सांगावं, तुमच्याकडे काय दिसलं?

भरीत_आणि_पुरी · शुक्रवार, रात्री ९.२२

रुमाल टाकून ठेवतो. निरंकशेठ 😂

पुण्यातला_खान्देशी · शुक्रवार, रात्री ९.५०

मास्तर, किस्सा झकास, पण नोटाला असं उडवून लावू नका. लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी दोन नंबरचा निवडून येतो, म्हणजे तो नुसता निषेधाचा हुंकार. सहारियांनी स्थानिक निवडणुकीत त्याला दात दिले. नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तर कुणीच निवडून आला नाही, पुन्हा निवडणूक. देशात तेव्हा असं कुणी केलं होतं?

केळीवाला_रावेर · शुक्रवार, रात्री १०.०५

आमच्याकडे दर निवडणुकीत नोटाच जिंकतात भाऊ. आदल्या रात्री अकरानंतर वाटतात.

कच्चा_वकील · शुक्रवार, रात्री ११.१५

मी धुळ्याचा, म्हणून हे जवळून पाहिलंय. तो आदेश ६ नोव्हेंबर २०१८ चा, आणि धुळे महापालिकेचं मतदान ९ डिसेंबर २०१८ ला. अहमदनगरचंही त्याच दिवशी. म्हणजे नवा नोटा सगळ्यांत आधी ज्या शहरांत लागू झाला त्यात आपलं धुळं होतं. पाचकंदिलावर चहा पिताना पोरं म्हणायची, या वेळी दाबूनच दाखवतो. प्रत्यक्षात एकाही प्रभागात नोटा पहिला आला नाही.

आदेशातली मेख पुण्यातल्या भाऊंनी सांगितली नाही. फेरनिवडणूक एकदाच. दुसऱ्यांदाही नोटाच पहिला आला तर मग उमेदवारांत ज्याला जास्त मतं तो निवडून. आणि पहिल्या वेळी नाकारलेले तेच चेहरे पुन्हा उभे राहू शकतात. हरियाणाच्या आयोगाने त्याच महिन्यात असाच आदेश काढला आणि नोटापेक्षा कमी मतं मिळालेल्यांना फेरनिवडणुकीत उभं राहायला बंदी घातली. आपल्याकडे दात दिले खरे, पण दुधाचे.

फलकाबद्दल थोडी पूर्वपीठिका. शपथपत्र ही कुणा अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली कल्पना नव्हे. सुप्रीम कोर्टाने २ मे २००२ ला सांगितलं की उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता, शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. सगळ्या पक्षांनी एक होऊन कायद्यात बदल करून त्याला वळसा घालायचा प्रयत्न केला, तो १३ मार्च २००३ ला कोर्टाने मोडून काढला. सहारियांचं श्रेय एवढंच की कपाटातला कागद त्यांनी झाडाला बांधला.

तापीकाठचा_मास्तर · शुक्रवार, रात्री ११.३०

वकीलसाहेब, "एवढंच" म्हणताय, पण आम्ही चाळीस वर्षं सरकारी कागद पाहिलेत. कपाटातून झाडापर्यंतचं अंतर लई लांब असतं.

महाईसेवा_गण्या · शनिवार, सकाळी ७.४०

ऑनलाइन अर्जाबद्दल मी बोलतो, कारण ते ओझं आमच्या मानेवर होतं.

२०१७ ला थेट सरपंच निवडणूक आली आणि अर्ज ऑनलाइन झाले. आधी लोक वैतागले, पण फायदा होता. पूर्वी अर्जात एक रकाना रिकामा राहिला की छाननीच्या दिवशी समोरचा बोट ठेवायचा आणि अर्ज बाद. संगणक रकाना भरल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. शपथपत्रही त्यातूनच छापून निघतं, म्हणून तर मास्तरांच्या फ्लेक्सवरचा मजकूर तयार मिळाला. हाताने लिहिलेल्या दोन-चारशे अर्जांतून कुणी फ्लेक्स बनवला असता?

पण डिसेंबर २०२० चा शेवटचा आठवडा विसरणार नाही. राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम. सर्व्हर बसला. माझ्या दुकानाबाहेर रात्री दोन वाजता शेकोटी पेटवून लोक बसलेले. जातपडताळणीची पावती, बँकेचं नवं खातं, शौचालयाचा दाखला, सगळी फाइल काखेत. एक म्हातारी सुनेचा अर्ज भरायला आली होती, तिने माझ्यासाठी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा आणला, म्हणाली पोरा खाय, मशीन चालू व्हई तवर. शेवटी आयोगाने ३० डिसेंबरला साध्या कागदावर अर्ज घ्यायची परवानगी दिली, वेळही साडेपाचपर्यंत वाढवली. नवीन आयुक्त मदान साहेब होते तेव्हा. निर्णय बरोबर, पण दोन दिवस आधी घेतला असता तर माझी झोप झाली असती.

भरीत_आणि_पुरी · शनिवार, सकाळी ८.०२

गण्याभाऊ, रेट किती लावला होता ते पण सांग की :)

महाईसेवा_गण्या · शनिवार, सकाळी ८.१०

ते निरंक लिहा.

माजी_सरपंच_ताई · शनिवार, दुपारी २.३०

मी शहादा तालुक्यातली. एक टर्म सरपंच होते. पुरुष मंडळींची चर्चा वाचली, सगळी शहराच्या आणि मोठ्या गावांच्या अंगाने चाललीय. फ्लेक्स कधी लागतो? मतदान झालं तर. नोटा कधी दाबता येतो? मतदान झालं तर. आमच्याकडच्या कितीतरी गावांत मतदानच होत नाही. 'गावाने बिनविरोध केलं' म्हणतात. कौतुकाने बातमी येते, आमदार निधी जाहीर करतात, सत्कार होतात. कुणी विचारत नाही, गावाने म्हणजे कुणी? पारावर बसलेल्या पंधरा-वीस माणसांनी. त्यात एक तरी बाई असते का?

मी स्वतः पहिल्यांदा बिनविरोधच आले. महिला राखीव जागा होती. सासऱ्यांनी संध्याकाळी सांगितलं, उद्या तहसीलला जायचंय, आधार कार्ड काढून ठेव. माझ्या विरोधात कुणी नव्हतं असं नाही. माझीच चुलत जाऊ उभी राहणार होती, तिला बसवली. तिला काय दिलं, कुणी दिलं, मला आजही माहीत नाही. आम्ही दोघी विहिरीवर भेटायचो, पण तो विषय कधी काढला नाही.

आणि मग आलं खोंडामळी. नंदुरबारपासून जवळच. जानेवारी २०२१. सरपंचपदाचा लिलाव झाला, मंदिरासाठी ४२ लाखांची बोली. तिकडे देवळा तालुक्यात उमराण्याला २ कोटी ५ लाख. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मतदान १५ तारखेला होतं, १३ तारखेला यू. पी. एस. मदान यांनी दोन्ही गावांची निवडणूक रद्द करून टाकली आणि गुन्हे नोंदवायला सांगितलं. त्या दिवशी आमच्या घरात पुरुष मंडळी म्हणत होती, देवाचं काम होतं, सरकारला काय पडलंय. माझी सासू चूल फुंकता फुंकता म्हणाली, देवाचं होतं तर खुर्ची कशाला घेतली? दानपेटीत टाकायचे.

माझ्या दृष्टीने गेल्या पंधरा वर्षांत आयोगाने घेतलेला सगळ्यांत मोठा निर्णय हा. फ्लेक्सपेक्षा आणि नोटापेक्षाही.

डोंगऱ्यादेव · शनिवार, दुपारी ३.०५

ताई, एकदम खरं. मंदिरना नावखाल बठ्ठं गाव एक व्हई जास, मंग कोन इचारस? ४२ लाख देणारा पाच वरीसमा किती काढी, हाई गणित पयली-दुसरीना पोरले बी येस.

पुण्यातला_खान्देशी · शनिवार, दुपारी ४.००

पण एक शंका. गावाने भांडणं टाळून एकमताने माणूस निवडला, पैसा शाळेला-देवळाला गेला, तर त्यात वाईट काय? निवडणुकीत तोच पैसा दारू-मटणावर जातो. निदान इथे काहीतरी उभं राहतं.

माजी_सरपंच_ताई · शनिवार, दुपारी ४.१२

भाऊ, बोली लावायला ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याने काय करायचं ते पण लिहा.

केळीवाला_रावेर · शनिवार, सायंकाळी ६.२०

ताईंच्या बाजूने अजून एक. दारू-मटण ज्याने खाल्लं तो मत कुणाला देतो ते मशीनला माहीत. गेल्या वेळी आमच्या वार्डात दोन्हीकडचं खाऊन लोकांनी तिसऱ्यालाच निवडून दिलं. लिलावात ती सोय नाही.

कच्चा_वकील · शनिवार, रात्री १०.४०

ताईंच्या प्रतिसादाने धाग्याचं वळणच बदललं, बरं झालं.

मदान यांनी जे केलं ते करण्याचा अधिकार कुठून येतो ते सांगतो, कारण ग्रामपंचायत कायद्यात 'लिलाव झाल्यास निवडणूक रद्द' असं कलम शोधायला जाल तर सापडणार नाही. ७३ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३-ट आला. पंचायतींच्या निवडणुकांचं 'अधीक्षण, निदेशन व नियंत्रण' राज्य निवडणूक आयोगाकडे. आपला आयोग १९९४ मध्ये स्थापन झाला. आयुक्ताला काढायचं तर हायकोर्टाच्या न्यायाधीशाला काढण्याची जी रीत, तीच लागते. २००६ मध्ये किशनसिंग तोमर खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सांगितलं की आपल्या क्षेत्रात राज्य आयोगाचे अधिकार भारत निवडणूक आयोगाच्याच तोलाचे.

कागदावर एवढं भक्कम. आता प्रत्यक्ष बघा. दोनच वर्षांनी, मार्च २००८ मध्ये, महाराष्ट्राचे राज्य निवडणूक आयुक्त नंदलाल यांना विधानसभेने विशेषाधिकार भंगाबद्दल दोन दिवसांची कैद सुनावली आणि आर्थर रोड तुरुंगात पाठवलं. पदावर असलेला आयुक्त! त्यांच्यानंतर नीला सत्यनारायण आल्या, या पदावरच्या पहिल्या महिला, १९७२ च्या बॅचच्या आयएएस, शिवाय कवयित्री. स्थानिक संस्थांत महिलांना ५० टक्के आरक्षण लागू झालं आणि त्यानुसार २०१२ च्या जिल्हा परिषदा-महापालिकांच्या निवडणुका झाल्या त्या त्यांच्याच काळात. २०२० च्या जुलैमध्ये कोरोनात गेल्या.

सांगायचा मुद्दा, सहारिया हे एका रांगेतले एक. तुरुंगात गेलेल्या आयुक्ताची आठवण ताजी असताना १९१ पक्षांच्या नोंदणीला हात घालणं सोपं नव्हतं, एवढं मी मास्तरांच्या बाजूने मान्य करतो.

चोपड्याचा_पक्या · रविवार, सकाळी १०.१५

सगळं ठीक, पण हाच आयोग वर्षानुवर्षं निवडणुकाच घेत नव्हता त्याचं काय? प्रशासक बसले होते. आमच्या नगरपालिकेत गटारीचं झाकण बदलायला कुणाला सांगायचं ते कळत नव्हतं. नगरसेवकाला निदान शिव्या तरी देता यायच्या.

कच्चा_वकील · रविवार, सकाळी ११.३०

पक्या, त्यात आयोग एकटा दोषी नाही, आणि त्या भानगडीत आपले दोन जिल्हे पहिल्यापासून अडकलेले. धुळे आणि नंदुरबार जिल्हा परिषदांची निवडणूक ७ जानेवारी २०२० ला झाली. आरक्षण पन्नास टक्क्यांच्या वर जात होतं म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात होतंच. ४ मार्च २०२१ ला निकाल आला, ओबीसींच्या जागा रिकाम्या झाल्या आणि ५ ऑक्टोबर २०२१ ला पोटनिवडणूक. धुळ्यात १५ गट, नंदुरबारला ११. म्हणजे निवडून आलेल्या सदस्याला पावणेदोन वर्षांनी पुन्हा हात जोडत दारोदार. पुढे प्रभागरचना कुणी करायची यावरून सरकारने कायदाच बदलला आणि ते अधिकार आयोगाकडून स्वतःकडे घेतले. शेवटी ६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार आठवड्यांत अधिसूचना काढा.

भरीत_आणि_पुरी · रविवार, सकाळी ११.४४

यावर वेगळा धागा काढा हो. इथे लोक पक्षावर येतील आणि संपादक टाळं लावतील.

निवृत्त_नायब · रविवार, सायंकाळी ५.००

तहसील कचेरीत निवडणूक शाखा सांभाळलेली आहे, म्हणून दोन शब्द.

मास्तर फ्लेक्सवर खूश आहेत. शपथपत्र हे निवडणुकीच्या आधीचं. त्यात माणूस जे सांगतो ते तुम्ही निंबाखाली वाचलं. निवडणुकीनंतरचा एक कागद असतो, तो कुणी कधी बघत नाही. खर्चाचा हिशेब. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराने, हरलेल्यानेसुद्धा, द्यायचा. नाही दिला तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र. मी स्वतः नोटिसा काढल्यात. निवडून आलेला माणूस निदान पळत येतो. हरलेला म्हणतो, मी तर पडलो, आता कसला हिशेब? आणि पाच वर्षांनी पुन्हा अर्ज भरायला येतो तेव्हा यादीत नाव निघतं.

मर्यादाही ठरलेली. २०२२ च्या निवडणुकीत सात किंवा नऊ सदस्यांच्या गावात थेट सरपंचाला ५०,००० रुपये होती, सदस्याला २५,०००. आता गावात किती खर्च होतो ते तुम्हाला माहीत. हिशेबात किती दाखवला ते बघायचंय? माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांचा, तीस दिवस थांबा. तेवढाही दम नसेल तर २६ नोव्हेंबर २०१८ चा शासन निर्णय आहे: जिल्ह्याच्या आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहता येतील. अर्ज नको, काही नको. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी.

बघा, नोटाचा आदेश आणि हा निर्णय एकाच महिन्यातले. पहिला सगळ्यांना माहीत, दुसरा माझ्या कचेरीतल्या निम्म्या लोकांनाही नव्हता.

तापीकाठचा_मास्तर · रविवार, सायंकाळी ५.२०

नायबसाहेब, उद्या सोमवारच आहे. एसटी साडेअकराला. जाऊन येतो.

चोपड्याचा_पक्या · रविवार, सायंकाळी ५.२५

मास्तर, तो जीआर छापून खिशात ठेवा.

तापीकाठचा_मास्तर · मंगळवार, सकाळी ६.५०

काल जाऊन आलो. रात्री लिहायला बसलो होतो, लाइट गेली.

कचेरी कोणती ते लिहीत नाही. पक्याचं ऐकून जीआर घेऊन गेलो ते बरं केलं. बाबूंनी दोनदा वाचला, मग आतल्या साहेबांना दाखवला. साहेब तरुण, सभ्य. म्हणाले, बाबा, तुम्ही पहिलेच आलात या कामासाठी. मग भेट देणाऱ्यांची नोंदवही शोधणं सुरू झालं. ती मिळेना. शेवटी शंभर पानी नवी वही आणली, शिपायाने पट्टीने रकाने आखले आणि क्रमांक एकवर माझी सही झाली. यात साडेतीन वाजले.

१८ डिसेंबर २०२२ ला राज्यात ज्या ७,७५१ ग्रामपंचायतींचं मतदान झालं त्यातलं आमचं गाव. नऊ सदस्य, म्हणजे सरपंचाला मर्यादा पन्नास हजार. चार उमेदवार होते. लाल फडक्यात बांधलेला गठ्ठा सोडला, झुरळं पळाली, आणि चारही हिशेब निघाले. म्हणजे दिले सगळ्यांनी, हे मान्य करायला हवं.

तीन हिशेब एकाच अक्षरात. शाईसुद्धा एकच. ते अक्षर मी ओळखतो, कारण त्याला बाराखडी मीच शिकवलीय. तो आता तहसीलबाहेर टेबल टाकून बसतो. तिघांचा खर्च अठरा हजाराच्या आसपास. तिघांनीही चहा चारशे कप. तिघांनीही 'मंडप : निरंक, जेवण : निरंक'. आमच्या गावात त्या आठवड्यात तीन ठिकाणी वरण-बट्टी आणि वांग्याच्या भाजीच्या पंगती उठत होत्या, एक पंगत तर माझ्या खळ्यासमोर.

चौथा हिशेब वहीच्या पानावर, स्वतःच्या अक्षरात. हरलेली बाई. नारळ ११, हार २, रिक्षा भाडे चार दिवस, पत्रकं छापाई, पोरांना भजी ५ किलो, आणि एका ओळीत 'देवीला साडी', पुढे रक्कम, आणि मग ती ओळ खोडून बाजूला लिहिलंय 'हा खर्च घरचा'. एकूण ३१,२७०. सगळ्या गठ्ठ्यात सगळ्यांत जास्त खर्च हिनेच दाखवलाय. मी ते पान बराच वेळ बघत बसलो. बाबू म्हणाले, गुरुजी, पाच वाजले.

माजी_सरपंच_ताई · मंगळवार, सकाळी ७.३०

देवीला साडी खोडून 'घरचा'. मास्तर, ते पान माझ्या डोळ्यापुढून जात नाहीये.

निवृत्त_नायब · मंगळवार, सकाळी ८.००

तीन हिशेब एका अक्षरात हे दर वेळचं. तो टेबलवाला माणूस प्रत्येकी पाचशे घेतो. आमच्या वेळी शंभर घ्यायचा. छाननी करणारा कारकून बेरीज तपासतो, मर्यादा तपासतो, पावत्या जोडल्यात का बघतो. चारशे कप चहा तिघांनी कसा पाजला हे विचारायचं त्याचं काम नाही, आणि एका तालुक्यात साठ-सत्तर गावं असली तर त्याला वेळही नाही. नक्कल घेतली का?

तापीकाठचा_मास्तर · मंगळवार, सकाळी ८.४०

नकलेसाठी पुढच्या सोमवारी बोलावलंय. नऊ पानं आहेत, दोन रुपयांप्रमाणे अठरा रुपये होतील. एसटीला जाऊन-येऊन त्याच्या कितीतरी पट.

पुण्यातला_खान्देशी · मंगळवार, सकाळी ९.१५

मास्तर, मी शनिवारी जे लिहिलं होतं त्यातलं अर्धं मागे घेतो. अर्धं अजून विचारात आहे.

आणि तुमच्या निरंकशेठांचं पुढे काय झालं? २०२२ ला होते का उभे?

तापीकाठचा_मास्तर · मंगळवार, सकाळी ९.४०

ते नव्हते. जागा महिला राखीव होती, सून उभी होती. एका अक्षरातल्या त्या तिघींपैकी ती एक. तिचं शपथपत्र त्याच गठ्ठ्यात होतं म्हणून तेही पाहिलं. वाहनाच्या रकान्यात 'पतीच्या नावे, एक', आणि पुढे गाडीचा नंबर.

भरीत_आणि_पुरी · मंगळवार, सकाळी ९.४२

पांढरी चारचाकीच का?

तापीकाठचा_मास्तर · मंगळवार, सकाळी ९.५५

तीच.